दारावरचा डहाळा

हसू नका मित्रांनो, पण सध्या माझ्या पोटात एक कोंबडी अंडी घालते! एके काळी तिथे अर्ध्या मल्लेश्वरमचे कपडे उकळत होते. मी गुंडूरावांच्या लाँड्रीतली कपडे धुण्याची जुनी मशीन आहे.

१९५७ साली मी बेंगळुरात आले. तोवर गुंडूरावांकडे कामाला असलेली अंबूबाई घरोघर फिरून कपडे गोळा करायची. दारावर कडुलिंबाचा डहाळा दिसला, की ती पायरीवरूनच मागे फिरे. घरात देवी आल्याची ती खूण. देवी म्हणजे अंगभर फोड उठवून माणसे नेणारा रोग. रोगी बरा होऊन न्हाईपर्यंत त्या घरातले कापड ती शिवत नसे.

गुंडूरावांनी ते फिरणेच बंद केले. आता गिऱ्हाइकाने दुकानात यायचे, गाठोडे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी कपडे न्यायचे! अंबूबाई इस्त्री करू लागली आणि तिची लेक चंपा कपडे निवडू लागली. लोकांनी माझी इतकी वाहवा केली, की मी फुगूनच गेले.

अंबूबाई मात्र धुसफुसत होती. "अण्णा, दार न बघता कापड घ्यायचं? मला नाही बाई पटत."

"अक्का, आत उकळतं पाणी आहे. त्यात रोग टिकतोय होय?"

"पाण्याआधी माझ्या पोरीचे हात लागतात, त्याचं काय?"

"स्वल्प दम धर. होईल सवय."

म्हातारी माझ्यावर जळते, असे मला वाटले. किती मूर्ख होते मी!

एके दिवशी एक अनोळखी माणूस चादरींचे गाठोडे देऊन घाईने निघून गेला. चंपाने चादरी उलगडल्या, तसा घडीतून कडुलिंबाचा वाळका पाला गळला. कसर लागू नये म्हणून पेटीत ठेवतात तोच असेल, असे समजून तिने तो हाताने झाडला. चादरी माझ्यातून पांढऱ्याशुभ्र निघाल्या.

संध्याकाळी केर काढताना अंबूबाईला तो पाला दिसला. तिने चंपाचे हात धरले आणि साबणाने पुन्हा पुन्हा धुतले. त्या दिवसापासून ती रोज सकाळी लेकीच्या कपाळाला हात लावून बघायची.

बाराव्या दिवशी दोघीही आल्या नाहीत. गुंडूराव चौकशीला त्यांच्या घरी गेले आणि लगेच परतले. माझ्याशेजारी मटकन बसून म्हणाले, "दारावर डहाळा आहे."

चंपा वाचली नाही. लाँड्री बंद पडली आणि मी गुंडूरावांच्या परसात आले.

मित्रांनो, नवी यंत्रे जरूर आणा. मीही यंत्रच आहे, त्यांना नावे कशाला ठेवू? पण जुनी रीत मोडण्याआधी, ती पाळणाऱ्या माणसाला एकदा विचारा, की बाई, तू रोज काय बघत होतीस? अंबूबाई आता पुन्हा घरोघर जाते. परसातून जाताना माझ्याकडे मात्र ती बघत नाही.