एका वेळी एकच सेल

टोकियोतल्या फुनाबोरीत राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कचरेवाल्यांनी चैत्रालीची कचऱ्याची पिशवी 'वर्गवारी चुकली' असं लाल स्टिकर लावून इमारतीच्या दाराशी तशीच सोडून दिली होती. येणाऱ्याजाणाऱ्यांनी ती पाहिली. त्या दिवशी तिने मनाशी जी शपथ घेतली ती सहा वर्षं पाळली. बाटली वेगळी, झाकण वेगळं, दुधाचे खोके धुऊन, कापून, वाळवून. जवळच्या निशी-कसाई भागातल्या नव्या मराठी बायका तिला फोन करून विचारायच्या, "अगं, फुटका तवा कुठल्या वारी?" आणि ती पाढे म्हटल्यासारखी उत्तर द्यायची. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण ज्याचा बैल त्याला ते वेळेवर आठवलं तर ना!

तिचे सासरे, देवदत्त, नऊ वर्षांच्या नातीला, ईश्वरीला, भेटायला तीन महिन्यांसाठी पुण्याहून आले होते. वय शहात्तर, आणि शर्टाच्या खिशात डिजिटल डायरी. त्र्याण्णव साली कंपनीने त्यांना दीड महिना टोकियोला धाडलं होतं, तेव्हा अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून घेतलेली. तिचा तेव्हाचा रुबाब प्रसन्न, म्हणजे त्यांचा मुलगा, अजून रंगवून सांगायचा. लंडनमध्ये आत्ता किती वाजले ते बघायला साहेब स्वतः बाबांच्या टेबलाशी यायचे. दोनशे फोन नंबर, सगळ्यांचे वाढदिवस, शिवाय पासवर्ड लावलेला एक गुप्त कप्पा, ज्यात ठेवण्यासारखं गुपितच बाबांकडे नव्हतं. पुढे मोबाइल आले आणि घरोघरच्या डायऱ्या पोरांच्या खेळण्यांत गेल्या. बाबांची खिशातच राहिली. "वर्षभर सेल बदलावा लागत नाही, आणि मध्येच कुणी गुड मॉर्निंग पाठवत नाही," असं ते म्हणायचे.

खरं कारण वेगळं होतं आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दोन हजार चार साली कुमुदिनीबाईंचं, प्रसन्नच्या आईचं, घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उजव्या हाताला सलाईन, लिहिता येईना. मग बाबांनी ही डायरी त्यांच्या डाव्या हातात दिली. अंगठ्याने एकेक बटण दाबत, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत, त्या नवऱ्याशी त्रेपन्न दिवस बोलल्या. 'चहा घेतलात का.' 'ही नर्स चांगली आहे पण फार बडबडते.' 'निळी साडी वहिनींना द्या, हिरवी नको.' असे एकशे बारा मेमो. चोपन्नाव्या दिवशी त्या गेल्या. प्रसन्न कितीदा म्हणाला, स्क्रीनचे फोटो काढून ठेवू, निदान वहीत तरी उतरवून घ्या. बाबा म्हणायचे, "उतरवलं की ते माझं अक्षर होईल. हे तिने दाबलेलं आहे."

डायरीत दोन सेल असत. एक चालवायला, दुसरा पहिला बदलेपर्यंत आतलं सांभाळायला. बाबा ते स्वतः बदलायचे, एका वेळी एकच, आणि तेवढा वेळ कुणी बोललेलंही त्यांना खपत नसे.

बुधवारी सकाळी ते म्हणाले, "अक्षर फिकं दिसतंय, सेल आणायला हवेत," आणि डायरी टेबलावर ठेवून नदीकाठी फिरायला गेले. चैत्रालीला वाटलं, ते यायच्या आत आपणच आणून घालू, खूश होतील. मापाची चूक नको म्हणून तिने मागचं झाकण उघडून दोन्ही सेल काढले आणि डायरी घरीच ठेवून स्टेशनाजवळच्या दुकानात गेली. नवे घेतले. जुन्यांना नियमाप्रमाणे चिकटपट्टी लावली आणि दुकानातल्या सेलच्या डब्यात टाकून दिले. सगळं अगदी रीतसर.

घरी येऊन नवे घातले. स्क्रीनवर ठळक काळ्या अक्षरात १ जानेवारी १९९२ उमटलं. तिने मेमोचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, मग दाबतच राहिली. झाकणाच्या आत जपानीत बारीक अक्षरात लिहिलं होतं की दोन्ही सेल एकदम काढू नयेत, काढल्यास सर्व माहिती नष्ट होते. ते तिला वाचता येत होतं, हेच जास्त लागलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, पण या मारुतीपुढे हसणार कोण?

तिने प्रसन्नला ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, "मीटिंगमध्ये आहे गं. सांग, आधीच बंद पडली होती म्हणून. तीस वर्षं जुनं मशीन आहे, कधीतरी जाणारच होतं. खरं सांगून त्यांना अजून त्रास कशाला?"

बाबा आले, तेव्हा तिने तसंच सांगितलं. "तुम्ही गेलात आणि ती बंदच पडली, बाबा. मी नुसते नवे सेल घालून बघितले."

त्यांनी डायरी हातात घेतली. बराच वेळ बटणं दाबून पाहिली. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "आतला सेल मी बदललाच नव्हता. दर पाच वर्षांनी बदलायचा असतो. ईश्वरीच्या बारशाच्या वेळी बदलला होता, त्याला नऊ वर्षं झाली. माझीच हलगर्जी."

"तसं नाही हो बाबा," ती म्हणाली. मग ती चहा टाकायला आत गेली.

गुरुवारी त्यांनी पुण्याला शेजारच्या उदयना फोन करून कपाटातलं माहितीपुस्तक शोधायला लावलं आणि सेलचं पान मोठ्याने वाचून घेतलं. फिरायला जाणं बंद झालं. ईश्वरीच्या अभ्यासाच्या टेबलावर आजीचा छोटा फोटो होता, त्याच्यापुढे ते दाराकडे पाठ करून बसून राहायचे. जेवण अर्ध्यावर टाकायचे. चैत्राली चहा नेऊन ठेवायची, कप तसाच परत आणायची. ईश्वरीने जपानीत विचारलं, आजोबांना बरं नाही का? "काही नाही, तू दूध पी," चैत्राली म्हणाली आणि उगाच तिच्यावरच खेकसली. रोज सकाळी ती ठरवायची की आज सांगायचं. रोज प्रसन्न म्हणायचा, "आता सांगितलंस तर अजून वाईट दिसेल. होतील शांत." आणि त्याचं ऐकणं सोपं होतं, म्हणून ती ऐकायची.

रविवारी दुपारी बाबा डायरी घेऊन स्वयंपाकघरात आले.

"हे कुठल्या कचऱ्यात जातं गं? तुला सगळं माहीत असतं."

तिला उत्तर माहीत होतं. छोटी विजेची उपकरणं, वॉर्ड ऑफिसातली पेटी. ते ओठांवर आलं आणि तिला स्वतःची शिसारी आली.

"बाबा, तुमचं काही चुकलं नव्हतं," ती म्हणाली. "डायरी चालू होती. मी दोन्ही सेल एकदम काढले. दुकानात घेऊन गेले, टाकून आले. आणि तुमच्याशी खोटं बोलले."

ते खुर्चीवर बसले. "म्हणजे माझ्या हातून नाही गेलं?"

"नाही."

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि सुटल्यासारखा मोठा श्वास सोडला. मग म्हणाले, "सेलचं काय, चूक आहे. कुणाकडूनही होते. तू माझ्यासाठीच धडपडत होतीस, मला कळतं ते."

चैत्रालीला रडू फुटलं. संपलं, तिला वाटलं, संपलं एकदाचं. ती पदराला हात पुसावेत तसे ओढणीला हात पुसत त्यांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"पण चार दिवस, चैत्राली," ते म्हणाले. "चार दिवस मी तिच्यासमोर बसून तिची माफी मागत होतो. आणि तू मला चहा आणून देत होतीस."