सब ठीकचे पन्नास कागद

मी एक जुना टेबल आहे, मित्रांनो. अंग फिकट लाकडाचं, पाय चार, आणि त्यातला एक आखूड. माझं लाकूड इथलं नाही. भिलाईच्या कारखान्यासाठी परदेशातून अवजड यंत्रं आली, ती ज्या खोक्यांत बंद होती त्या खोक्यांच्या फळ्या म्हणजे मी. माझ्या पोटाखाली काळी अक्षरं छापलेली आहेत. ती आजवर कुणाला वाचता आलेली नाहीत.

चौऱ्याहत्तर साली खुर्सीपारच्या चिंधू सुतारानं त्या फळ्यांवर रंधा मारला, खिळे ठोकले आणि मला टिकाराम मेश्रामच्या घरी आणून ठेवलं. "नातू झाला तरी हलनार नाई," असं सांगून तो गेला आणि दुसऱ्याच दिवशी मी डुगडुगायला लागलो. टिकारामनं त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग आखूड पायाखाली लोखंडाची एक चकती सरकवली आणि माझा संसार सुरू झाला.

टिकाराम भंडाऱ्याकडचा. कारखान्यात क्रेन चालवायचा. दर आठवड्याला त्याची पाळी बदलायची, एकदा सकाळची, एकदा दुपारची, एकदा रात्रीची. त्याची बायको भागीरथा ताट वाढून माझ्यावर झाकून ठेवायची आणि तो येईल तेव्हा जेवायचा. घरातल्यांची जेवणं तोवर झालेली असत. चोवीस वर्षं मी त्याला जेवताना पाहिलं, बहुतेक वेळा एकट्यालाच. डाळ थंड झाली म्हणून कधी तक्रार केली नाही बिचाऱ्यानं.

रात्रपाळीच्या आठवड्यात तो दिवसा झोपायचा. क्वार्टर दोन खोल्यांचं, भांडं पडलं तरी दोन्हीकडे ऐकू जाई. मग भागीरथा छोट्या शालूला उचलून शेजारच्या कांतामावशीकडे नेऊन बसवायची. "तुह्ये बाबा झोपले आहेत, गडबड नको करू." शालू जाताना मागे वळून बंद दाराकडे बघायची. मला ते बघवत नसे, पण लाकडाला कोण विचारतो?

ही शालू मोठी झाली आणि पंच्याण्णव साली बी.बी.ए.ला गेली. आमच्या गल्लीत हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. भागीरथानं विचारलं, "त्याच्यात शिकवते तरी काय?" शालू म्हणाली, "मॅनेजमेंट, आई. माणसांकडून काम कसं करून घ्यायचं ते." "मंग मलेच भेजलं असतं, मी शिकवून आली असती," भागीरथा म्हणाली आणि पोळ्या लाटायला बसली.

ते माझे सुखाचे दिवस. टिकारामनं मला हिरवा रंग दिला, वर जाड काच बसवली आणि खिडकीजवळ हलवलं. त्याचं स्वतःचं शिक्षण सातवीपर्यंत. शालू कॉलेजात गेली की तो तिची जाडजूड इंग्रजी पुस्तकं फडक्यानं पुसायचा, एक उघडायचा, चित्र सापडतं का बघायचा आणि ठेवून द्यायचा. आल्यागेल्याला माझ्यावर थाप मारून सांगायचा, "याच टेबलावर माही पोरगी बी.बी.ए. करून राहिली." माझी छाती फुगायची हो!

तिसऱ्या वर्षी शालूला प्रोजेक्ट करायचा होता. तिनं विषय घेतला, शिफ्ट ड्यूटी आणि कामगाराचं घर. झोप किती मिळते, मुलांशी बोलणं होतं का, जेवण कुणासोबत होतं, असे बारा प्रश्न तिनं हिंदीत लिहिले आणि पन्नास फॉर्म छापून आणले. पण भरून कोण घेणार? पुरुषमाणसं एकतर ड्यूटीवर, नाहीतर झोपलेली. टिकाराम म्हणाला, "आण इकडे. शिफ्ट सुटतानी वाटतो मी. सगळे माह्ये वळखीचे."

चार दिवसांत पन्नासच्या पन्नास भरून आले. शालू नाचलीच. तिनं ते वाचायलाही घेतले नाहीत, वेळच कुठे होता. गठ्ठा तसाच नरहरी सरांकडे नेऊन दिला. ते तिचे प्रोजेक्टचे मार्गदर्शक.

दुसऱ्या दिवशी ती परत आली तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं होतं. गठ्ठा माझ्यावर आपटून ती आईला म्हणाली, "सर म्हणाले, पन्नास माणसं एका सुरात बोलत नाहीत. दहा दिवसांत खरे फॉर्म आण, नाहीतर पुढच्या वर्षी बस. आई, एक साल बरबाद होईल माझं."

मग ती एकेक कागद उलटू लागली. झोप पुरेशी मिळते, सब ठीक. मुलांशी रोज बोलणं होतं, सब ठीक. काही अडचण? काही नाही, सब ठीक. पन्नास कागद आणि एकच उत्तर. मित्रांनो, यात लबाडी नव्हती. पाळी बदलताना जाणारा गडी येणाऱ्याला सांगतो, "सब ठीक है," आणि येणारा मान डोलावतो. जन्मभर तेच बोलून जिभेला वळण पडलेलं. त्यात टिकारामनं फॉर्म देताना प्रत्येकाला बजावलं होतं, "बेटी का मामला है, अच्छा अच्छा लिखना."

शेवटी एका कागदाशी शालूचा हात थांबला. अक्षर टिकारामचं होतं. आठवड्यातून किती वेळा घरच्यांसोबत जेवता? रोज, दोन्ही वेळ.

खोटं! धडधडीत खोटं! मला वाचा असती तर मी तिथेच ओरडलो असतो.

टिकारामची तेव्हा रात्रपाळी होती. दुपारी तो झोपेतून उठून बाहेर आला, तर शालू तो कागद पुढ्यात घेऊन बसलेली.

"बाबा, हे कावून लिवलं तुमी?"

"तुह्ये नंबर कटतीन म्हनून. कॉलेजात कोनी आपलं रडगानं वाचते का?"

"पण मला खरंच पाहिजे होतं ना! साल जाऊन राहिलं माझं!"

टिकाराम खुर्ची ओढून बसला. आपल्या हातानं पोरीचं नुकसान झालं हे त्याच्या डोक्यात आत्ता शिरलं. शालूनं एक कोरा कागद काढला, पेन उघडलं आणि म्हणाली, "मी विचारते, तुम्ही सांगा. मुलांशी बोलणं होतं का?"

तो काचेवर बोट फिरवू लागला. भागीरथानं हातातलं काम ठेवलं आणि ती दाराशी उभी राहिली.

"तू चालाले लागली, ते मी नाई पायलं," टिकाराम म्हणाला. "नाइट होती. मी आलो का तू कांताकडे, तू आली का मी ड्यूटीवर. आठ दिवसांनी सुट्टी भेटली, त तू दारात उभी. सरळ, कशाले बी न धरता. मले वाटलं कोनाची पोरगी आली. तुह्या मायले मी हे आजवर सांगितलं नाई."

शालूचं पेन थांबलं. "बाबा, मला तर वाटायचं, तुम्हाले मी आवडतच नाही. म्हणून बाहेर काढता मला."

"अवं पोरी!" एवढंच तो म्हणाला. एवढी मोठी क्रेन चालवणारा माणूस माझ्यावर डोकं टेकून रडला. भागीरथा दारातच डोळे पुसत होती. ती म्हणाली, "मीच नेत होती जी तिले. तुमाले झोप भेटावी म्हनून." शालू उठली आणि तिनं बापाच्या पाठीवर हात ठेवला. मी ते सगळं ओझं गपचूप सोसलं.

दुसऱ्या दिवसापासून टिकाराम झोप अर्धी करून, नवे छापलेले फॉर्म घेऊन शालूबरोबर घरोघर फिरला. आधी स्वतःचं सांगायचा, मग समोरच्याला बोलतं करायचा. शेजारचा दयाराम आमच्याच घरी आला. तो म्हणाला, "तूने ही तो बोला था सब ठीक लिखने को!" टिकाराम म्हणाला, "गलत बोला था. मैंने अपनी बेटी को चलना सीखते नहीं देखा, दयाराम. अब तू बता." दयारामनं खुर्ची जवळ ओढली. मग तो बोलायला लागला आणि शालूला मागच्या बाजूलाही लिहावं लागलं. आठ दिवसांत एकेचाळीस फॉर्म झाले आणि एकाचं उत्तर दुसऱ्यासारखं नव्हतं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी टिकारामनं सुट्टी टाकली. स्वतःच्या तापातसुद्धा ड्यूटी न चुकवणारा माणूस सकाळपासून माझ्यापाशी बसून होता. चार वाजता शालू आली. "पास झाली, बाबा. सरांनी रिपोर्ट ठेवून घेतला." टिकारामनं तिला खुर्ची ओढून दिली. "बस. काय काय इचारलं, पयल्यापासून सांग." अंधार पडेपर्यंत ती सांगत होती आणि तो ऐकत होता.

पुढे शालू नोकरीला नागपूरला गेली. घरात सनमायकाचा नवा टेबल आला आणि मी मागच्या पडवीत. माझी काच फुटली, हिरवा रंग उडाला, अंगावर कांदे-बटाट्यांची पोती आली. आता एका पायाला वाळवी लागली आहे. मित्रांनो, वेळीच थोडं रॉकेल चोळलं असतं तर तो पाय वाचला असता. आपल्या घरातल्या जुन्या लाकडाला अधूनमधून हात लावून बघत जा, वरून ते धडधाकटच दिसतं.

आणि घरात कुणी पाळीवरून येणारं माणूस असेल, तर त्याच्या ताटाजवळ बसा. कसं चाललंय ते विचारा. तो सब ठीक म्हणेल. तिथून उठू नका, पुन्हा एकदा विचारा. आमच्या शालूला ते दुसऱ्यांदा विचारायला एकवीस वर्षं लागली.