तिसऱ्या घंटेपर्यंत

आमच्या घरात तिसरी घंटा वाजेपर्यंत फोन कुणी उचलत नाही. नव्या माणसाला वाटतं, इश्बेल म्हातारी बहिरी झाली. बहिरी कसली! पलीकडच्या दरीत मेंढी खोकली तरी मला ऐकू येतं.

नियम टॉरकिलचा, माझ्या नवऱ्याचा. दर हिवाळ्यात दोन-तीन दिवस तो एकटाच डोंगरात चालायला जायचा. खाली उतरला की दरीच्या तोंडाशी, रस्त्याकडेला, फोनची तांबडी पेटी आहे ना, तिथून घरी फोन लावायचा. दोन घंटा वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. म्हणजे सुखरूप उतरलो, सूप गरम कर. नाणंही परत मिळायचं. तिसरी घंटा वाजलीच तर उचलायचा, म्हणजे काहीतरी बिनसलंय. एक नंबरचा चिक्कू माणूस!

बावीस वर्षांपूर्वी जानेवारीत अशाच एका संध्याकाळी दोन घंटा वाजल्या. मी सूप चुलीवर ठेवलं, त्याचे मोजे शेगडीपाशी वाळत घातले आणि वाट बघता बघता खुर्चीतच माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा उजाडलं होतं, आणि मोजे तिथेच होते.

रात्रभर बर्फ पडला होता. त्याची गाडी पेटीजवळच उभी होती, पण तो कुठेच नव्हता. शोधायला आलेल्या मंडळींना मी छातीठोकपणे सांगितलं, तो पेटीपर्यंत उतरला होता, मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्यांनी नदी पिंजून काढली, तळं ढवळलं. वरच्या खिंडीत नावापुरतं डोकावले. टॉरकिल आजतागायत सापडलेला नाही.

तेव्हापासून दर हिवाळ्यात मी आणि त्याचा धाकटा भाऊ मरडो त्याला शोधायला तिकडे जायचा बेत आखतो. बेत दोघांचा, चालते मी एकटी. ऐन वेळी मरडोचं काहीतरी निघतंच.

यंदाही तो आला, टोपी काढली आणि स्वयंपाकघरात टेबलाशी बसला. दुपारचे तीन वाजले असतील, पण खिडकीत अंधार दाटायला लागला होता.

"यंदा काय दुखतंय ते आधीच सांगून टाक," मी म्हटलं. "मागच्या वर्षी दाढ होती, त्याआधी मेंढीचा पाय."

"मेंढीचा पाय खरंच मोडला होता, इश्बेल."

"पाय मेंढीचा आणि लंगडत होतास तू!"

तो हसला नाही. एरवी हसतो. मी नकाशा पसरला. खालचा भाग, म्हणजे पेटी, तळं, नदी, इतका हाताळलाय की घड्यांवर चिकटपट्ट्या लावल्यात.

"शनिवारी गाडी पेटीपाशी ठेवायची. तळ्याच्या काठाने चालायचं. रात्री मेंढपाळांच्या जुन्या झोपडीत मुक्काम, सरपण आपलं आपण न्यायचं. ओटकेक आणि चीज मी घेते. व्हिस्की तू आण, पण औषधापुरती."

"तुझा गुडघा?"

"वसंतात कापतायत. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर डोंगर विसरा. म्हणून तर जायचं. त्याआधी मला त्याला घरी आणायचंय, मरडो. हाडं तर हाडं. चर्चमागे त्याच्या आईशेजारी जागा राखून ठेवलीय मी, आणि दर रविवारी त्या रिकाम्या गवतापाशी उभी राहून परत येते."

मी नकाशावर बोट पुढे सरकवलं. "यंदा तळं गोठलंय. बर्फावरून पलीकडच्या लव्हाळ्यात जाता येईल. तिथे कुणीच कधी बघितलेलं नाही."

"बर्फावर पाय ठेवायचा नाहीस तू!"

"मग कुठे शोधू? आकाशात? पेटीपर्यंत तो आलाच होता. म्हणजे तिथेच आसपास असणार."

"तो आलाच नव्हता."

चुलीवरची किटली शिट्टी मारत होती. कुणीच उठलं नाही.

"फोन मी केला होता," मरडो म्हणाला. तो टोपी पिळत होता. "त्या संध्याकाळी मी तिथून व्हॅन घेऊन जात होतो. त्याची गाडी दिसली. म्हटलं, तुला विचारावं, अजून वरच आहे का. पेटीतूनच फोन लावला. तेवढ्यात डोंगरावरून कंदील खाली येताना दिसला. वाटलं, आला आपला बाबा. ठेवून दिला फोन आणि निघालो. नंतर कळलं, कंदील मेंढपाळाचा होता."

"किती घंटा वाजू दिल्यास?"

विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

"दोन. मला काय ठाऊक तुमच्या घरचा नियम! दुसऱ्या दिवशी तू सगळ्यांसमोर सांगितलंस, दोन घंटा वाजल्या. माझी दातखीळच बसली. मग एक दिवस गेला, एक आठवडा गेला, आणि नंतर जीभच रेटेना."

मी किटली उतरवली. निम्मं पाणी चुलीवर सांडलं. बावीस वर्षं या घरात एक घंटा वाजली की माझा श्वास अडकायचा, दुसरी वाजली की वाटायचं, आला. कितीदा उठून मी दार उघडलंय. आणि तो त्या रात्री वर कुठेतरी जिवंत असेल, मी खाली त्याचे मोजे शेकत बसले होते.

"चालता हो," मी म्हटलं.

तो उठला. दारापर्यंत गेला. माझी नजर नकाशावर गेली. वरचा अर्धा भाग, खिंड आणि तिच्यामागची उतरण, आम्ही कधी उलगडलाच नव्हता. दुकानातून आणला तसाच कोरा, घड्या अजून कडक. मी तो उलगडला.

"मरडो."

तो थांबला.

"वरची वाट तुला ठाऊक आहे?"

"लहानपणी टॉरकिलबरोबर जायचो."

"पहाटे गाडी घेऊन ये. निघताना फोन कर. दाढ, मेंढी, काहीही निघालं, तर तुझं तोंड पुन्हा बघणार नाही मी."

त्याला माफ केलं का? नाही. करीन की नाही, तेही माहीत नाही. पण ती वाट त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.

रात्रभर मी ओटकेक बांधले, सोडले, पुन्हा बांधले. शेगडीपाशी एक जोडी मोजे ठेवले, टॉरकिलचे, आणि पिशवीत घातले. बाहेर अजून मिट्ट काळोख होता तेव्हा फोन वाजला.

पहिल्याच घंटेला मी उचलला.

"इश्बेल?" मरडो दचकला. "इतक्या लवकर?"

"बूट घालून बसलेय मी," म्हटलं. "ये."