दोन फाट्यांमधला पन्नासावा

तालुक्याची माहितीपुस्तिका दर दहा वर्षांनी निघे, आणि दर दहा वर्षांनी तिचे पहिले प्रकरण एकाच वाक्याने सुरू होई: 'या डोंगराळ प्रदेशातील लोकवस्ती ओढ्यांच्या अनुषंगाने वसलेली आहे.' हे वाक्य मुळात कोणी लिहिले ते कोणालाच ठाऊक नव्हते. लिहिणारा गेला, त्याची नक्कल करणारा गेला, नकलेची नक्कल करणारा निवृत्त होऊन गुडघे चोळत बसला. वाक्य मात्र ठणठणीत होते.

त्याच्याखाली आकडे. तेवीस ओढे, एकतीस वस्त्या, दर चौरस किलोमीटरला सहा पूर्णांक चार माणसे. हे चार दशांश ज्याने जन्मभर जपले त्या कारकुनाला कचेरीत सगळे अपूर्णांक म्हणत. त्याने आयुष्यात एकही आकडा गोळाबेरीज करून लिहिला नव्हता. "अहो, हा पॉइंट चार माणूस तुम्ही कधी डोळ्यांनी पाहिलाय का?" असे साहेबांनी एकदा सर्वांसमक्ष विचारले होते.

"पाहिलाय साहेब," अपूर्णांक म्हणाला होता. "सोमवारी सकाळी आपल्या कचेरीत साधारण तेवढाच हजर असतो."

म्हणूनच बहुधा, निवृत्तीला सात महिने उरले असताना, सर्वांत उंचावरच्या वस्तीची मोजणी साहेबांनी त्याच्याच गळ्यात मारली. रस्ता संपतो तिथून अडीच तास चढ. वर अपूर्णांकाची थोरली बहीण राहत होती, हा साहेबांच्या मते योगायोग आणि प्रवासखर्चात बचत.

नियम साधा होता. पन्नास माणसे असतील तर वस्ती. एकोणपन्नास असतील तर 'विखुरलेली घरे'. वस्तीला नकाशावर नाव मिळते आणि दर मंगळवारी नर्सबाई मिळतात. विखुरलेल्या घरांना नकाशावर एक ठिपका मिळतो, तोही छापखान्याची शाई चांगली असेल तर.

अपूर्णांक वर पोचला तेव्हा ताई पाणचक्कीच्या ओट्यावर बसून जात्याच्या वरच्या पाळूला छिन्नीने टाकी लावत होती. नवऱ्याच्या पश्चात चक्की तीच चालवी. वय एकाहत्तर, रक्तात साखर, जिभेवर मात्र तिचा मागमूस नाही.

"ये धाकट्या," ती म्हणाली. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला धाकट्या म्हणणारे जगात एवढे एकच माणूस उरले होते. "किती वाळलायस. बायको जेवायला घालते ना?"

"घालते."

"मग अंगी का लागत नाही? मोजून जेवतोस वाटतं."

चहा घेऊन तो घरोघर फिरला. सोळा घरे. काहींना कुलुपे होती, आणि कुलूपबंद घरातली माणसे नियमाप्रमाणे शहरात मोजली जात. एका आजोबांनी शहरातल्या तिन्ही मुलांची नावे लिहायचा आग्रह धरला. "मनाने इथेच असतात हो!"

"मनाचा रकाना नाही," अपूर्णांक म्हणाला.

संध्याकाळी त्याने ओट्यावर बसून बेरीज केली. एकोणपन्नास. वरून खाली केली, खालून वर केली. एकोणपन्नास.

ताईला सांगायलाच लागणार होते. मंगळवारी नर्सबाई येऊन तिचे इंजेक्शन आणि आठवड्याची औषधे देत, पायाची जखम बघत. नर्सबाई बंद म्हणजे डॉक्टरांनी बजावलेले खरे होणार: खाली राहायला जा. खाली म्हणजे अपूर्णांकाच्या दोन खोल्या, दुसरा मजला, खिडकीसमोर टायरचे दुकान. त्याने निघताना बायकोला कल्पना दिली होती. "येऊ देत की वन्सं," ती मोठ्या मनाने म्हणाली होती. "मी माहेरी जाईन."

ताईने सगळे ऐकून घेतले. चक्कीची घरघर चालू होती.

"एक माणूस कमी म्हणून?" तिने विचारले.

"हो."

"आणि तू पन्नास लिहिलंस तर कोण येणारे इथवर मोजायला?"

"कोणी नाही."

"पण तू लिहिणार नाहीस."

"नाही."

"लहानपणीही असाच होतास," ताई म्हणाली. "आईने विचारलं, गूळ कोणी खाल्ला, की सांगायचास, ताईने दोन खडे, मी दीड."

अपूर्णांक ओढ्याकडे बघत होता. तालुक्याची सीमा म्हणजे हाच ओढा. चक्कीच्या जरा वर ओढा दुभंगून दोन फाटे होत, आणि खाली पुन्हा एक होत. मधे टेकाड. टेकाडावर एक घर आणि मधमाश्यांच्या पेट्यांची रांग. घरातून धूर निघत होता.

"ताई, तो कोणाच्यात आहे?"

"कोण? पलीकडचा?" ताईने मान फिरवली. "तो त्यांच्यातला. पलीकडचा म्हणजे पलीकडचाच."

मधपाळाशी ताई वीस वर्षे बोललेली नव्हती, हे अपूर्णांकाला माहीत होते. कारणही माहीत होते. ताईच्या नवऱ्याने चक्कीला पाणी जास्त मिळावे म्हणून झिजलेल्या जात्याची एक तळी, म्हणजे खालचा जड दगड, पलीकडच्या फाट्याच्या तोंडाशी उभी केली होती. चक्की जोरात फिरू लागली आणि मधपाळाची वाफ्यांची ओळ सुकली. त्यानंतर दोन्ही घरांनी एकमेकांना फक्त ओढ्यामार्फत शिव्या दिल्या.

अपूर्णांकाने खडकावर उभे राहून, मोबाईल डोक्यावर धरून, ओढ्यापलीकडच्या तालुक्यातल्या आपल्यासारख्याच कारकुनाला फोन लावला. त्याने कागद चाळले. "टेकाडावरचा होय? तो नाही आमच्यात. आम्ही त्याला पलीकडचा म्हणतो."

फोन खिशात टाकून अपूर्णांक बराच वेळ खडकावरच उभा राहिला. ज्या दोन तालुक्यांच्या मधे हा माणूस राहत होता, त्यांतल्या प्रत्येकाचा कारकून ओढ्यापर्यंत येऊन, बोट दाखवून परत फिरला होता. दोघांचेही खरे होते. दोघांच्याही आणि त्याच्या मधे पाणी होतेच. दोन मोजण्या झाल्या, वीस वर्षे गेली, आणि एक धडधाकट माणूस, रोज चूल पेटवणारा, कोणत्याच बेरजेत नव्हता.

नियमावलीत यावर तोड होती. सीमेवरच्या ओढ्याला दोन फाटे असल्यास ज्याला पाणी जास्त तो ओढा खरा, तीच सीमा. पाहणीच्या दिवशी मोजावे. आढळेल त्या स्थितीत लिहावे.

"म्हणजे पलीकडच्या फाट्याला पाणी जास्त निघालं," ताईने विचारले, "तर तो आपल्यातला?"

"आपल्यातला. मग पन्नास. पण अलीकडचा फाटा भरून वाहतोय, तो आंधळ्यालाही दिसेल. तो त्यांच्यातच जाणार."

"आंधळ्याचं राहू दे. मोजणार कधी?"

"उद्या सकाळी आठला."

"तुझे आठ म्हणजे आठच?"

"आठच."

"झोप मग," ताई म्हणाली. "चढ चढून आलायस."

चक्कीच्या घरघरीत तो लहानपणासारखा झोपला. आणि सकाळी जाग आली ती आवाजाने नव्हे. जाग आली शांततेने. चक्की बंद होती. छपरावरच्या पक्ष्यांची पावले ऐकू येत होती.

ताई चूल फुंकत होती. दाराशी तिच्या चपला ओल्या होत्या. शेजारी दुसरा एक जोड होता, पुरुषी, तोही ओला. भिंतीला एक पहार टेकवलेली, टोकाला शेवाळ. ताटाळ्यात दोन कप उपडे घातलेले, अजून ठिबकत होते.

"साडेसात झाले," ताई मागे न बघता म्हणाली. "चहा घे आणि जा मोजायला."

अपूर्णांकाने चहा घेतला. आठ वाजता तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, मोजपट्टी धरून अलीकडच्या फाट्यात उतरला. खोली तेवीस सेंटिमीटर. फळीवरून टेकाड ओलांडून तो पलीकडच्या फाट्यात उतरला. एकेचाळीस. रुंदी मोजली, वाळके पान सोडून वेग मोजला, तीनदा. पलीकडच्या फाट्याला पाणी जवळजवळ दुप्पट होते.

येताना तो अलीकडच्या काठाशी थांबला. पाण्याच्या वर वीतभर, दगडांना ओले शेवाळ होते. काल पाणी तिथवर होते, हे शेवाळ सांगत होते, आणि शेवाळाला खोटे बोलायचे काही कारण नव्हते. फाट्याच्या तोंडाशी जुन्या जात्याची तळी होती. वीस वर्षे ती पलीकडच्या फाट्याच्या उरावर बसली होती. आता ती अलीकडच्या फाट्याचे तोंड अडवून उभी होती. एकट्याने हलावी अशी ती तळी नव्हती. दोन पहारी हव्यात, आणि दोघांपैकी एकाने 'आता' म्हणायला हवे. म्हणजे वीस वर्षांनी कोणीतरी कोणाशी निदान एक शब्द बोलले होते.

पाय गारठेपर्यंत अपूर्णांक पाण्यात उभा राहिला. हा आकडा खरा होता, आणि खरा नव्हता. पण मग कालचा तरी कुठे खरा होता? तोही त्याच तळीने केलेला होता. त्याला बाकीचे बावीस ओढे आठवले, जे त्याने अडतीस वर्षांत पायी तुडवले होते. कुठे कोणाच्या आजोबांनी पाट काढलेला, कुठे धुणे धुवायला दगड सरकवलेला, कुठे भावाभावांत वाटणी होताना पाण्याचीही झालेली. कोणाचा तरी दगड ज्यात नाही असा एकही ओढा त्याला आठवेना. पुस्तिकेत मात्र ते तेवीसही आपापल्या मनाने वाहत होते.

तो चक्कीपाशी आला. पाण्यातला पंखा थांबला होता, पात्यांवरून पाणी टपटपत होते.

"ताई, चक्की?"

"तिचं काय?"

"एवढ्या पाण्यावर फिरणार नाही."

"दळायला येतं कोण आता? सगळे खालून पिशव्या आणतात. मी आपली आवाजासाठी चालवत होते." ती क्षणभर पंख्याकडे बघत राहिली. तिचा लग्नानंतरचा प्रत्येक दिवस त्या घरघरीत गेला होता. मग तिने पदराला हात पुसले. "आवाजाशिवाय चालेल मला. टायरच्या दुकानासमोर नाही चालायचं. लिहिणार आहेस का, की साहेबांना विचारून येतोस?"

"आधी त्याला मोजतो," अपूर्णांक म्हणाला.

मधपाळ पेट्यांमधे उभा होता. सत्तरीचा, अनवाणी. चपला कुठे असाव्यात हे अपूर्णांकाने विचारले नाही.

"वय?"

"तुमच्या कागदात नव्हतो तोवर वाढत नव्हतं. आता लिहा, एकोणसत्तर."

"व्यवसाय?"

"काम माश्या करतात. मी बघतो."

"म्हणजे पर्यवेक्षक," अपूर्णांकाने लिहिले. "घरात माणसे किती?"

"एक. माश्या धरल्या तर असतील सुमारे—"

"सुमारे चालत नाही."

"मग एक." मधपाळ वाफ्यांकडे बघत होता. कोरड्या मातीत पाण्याची एक जीभ हळूहळू पुढे सरकत होती. "तुमच्या ताईंना सांगा, आमच्यावर उपकार केले असं समजू नका. पाणी मुळात आमचंच होतं."

"तुम्हीच सांगा. अंतर पस्तीस पावलं आहे. मी मोजलंय."

मधपाळाने सांगितले. फळीपलीकडून, ओरडून. ताईने त्याहून मोठ्याने उत्तर दिले, ज्यात वीस वर्षांची शिल्लक होती. अपूर्णांक सामान बांधून उतरू लागला तेव्हाही ते दोघे थांबले नव्हते. चक्कीच्या आवाजाची उणीव वस्तीला फारशी भासणार नाही, असे त्याला वाटले.

अहवालात त्याने एकूण माणसे पन्नास लिहिली, दोन्ही फाट्यांची मापे लिहिली, आणि शेऱ्यात लिहिले: 'अलीकडील फाट्याच्या तोंडाशी जात्याची एक जुनी तळी आढळली.' ती कोणी ठेवली, हे त्या रकान्यात विचारलेले नव्हते. आयुष्यात प्रथमच, न विचारलेले त्याने सांगितले नाही.

नर्सबाई मंगळवारी वर जात राहिल्या. परतताना त्यांच्या पिशवीत मधाची बाटली असे, आणि दोघा पेशंटांनी एकमेकांबद्दल केलेल्या तक्रारी.

पुस्तिकेचे पहिले प्रकरण अपूर्णांकानेच छापायला तयार केले. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात साहेबांनी त्याला बोलावले. समोर पहिले पान होते. साहेब तिथपर्यंत वाचत, आणि तेवढेच.

"अहो, हे काय? 'या डोंगराळ प्रदेशातील ओढे लोकवस्तीच्या अनुषंगाने वाहतात.' वाक्य उलटं झालंय."

"नाही साहेब," अपूर्णांक म्हणाला. "मोजून लिहिलंय."

साहेबांनी चष्मा काढला, त्याच्याकडे पाहिले, पुन्हा घातला. मग सही केली. अपूर्णांकाने मोजले म्हणजे मोजले, हे सगळ्या तालुक्याला माहीत होते.