खळ दिलेला एअर फिल्टर

मी एक जुना एअर फिल्टर आहे. लाल सुती कापडाचा, धुवून पुन्हा वापरायचा, शर्यतीच्या गाड्यांना शोभणारा! पण नशीब बघा, मित्रांनो, येऊन पडलो सांगोल्याकडच्या धुळा नावाच्या मेंढपाळाच्या जुन्या डिझेल गाडीत. इंजिनात जाणारी हवा गाळायची, धूळ अडवायची, एवढंच माझं काम. पण इथली धूळ! थकलो हो मी.

धुळा मोबाईलवरची माझी जाहिरात पाहून भुलला होता. मला बसवून एक चक्कर मारली आणि म्हणाला, "आये, गाडी लई पळती की!" मी फुगलो. आता खोटं कशाला बोलू? गाडी होती तशीच पळत होती, आवाज तेवढा वाढला होता. त्याची आई केराबाई मात्र खूश झाली. "धुऊन वापरायचं हाय व्हय? बरं झालं, टाकून द्याया नगं," म्हणाली.

पण माझे लाड फार. धुवायचं, सावलीत वाळवायचं, मग धूळ चिकटून राहावी म्हणून माझं ठरलेलं तेल हलक्या हातानं द्यायचं. डांबरी रस्त्यावर हे क्वचित करावं लागतं. इथं मेंढरांमागच्या फुफाट्यात महिन्याभरातच माझा श्वास कोंडायचा. तेलाची बाटली संपली. नवी पुण्याहून यायची होती, ती काही आली नाही.

अशात धुळाच्या मुलीची, सोनमची, पोलीस भरती आली. सोलापूरच्या मैदानावर सकाळी सातच्या आत हजर व्हायचं होतं. दोन वर्षं पोरगी माळावर धावत होती. ऐन वेळी गाडीनं दगा देऊ नये म्हणून आदल्या दिवशी केराबाईनं मला स्वतः धुतलं. वाळल्यावर मी तिला लुळा वाटलो. जन्मभर घोंगड्या विणलेली बाई ती. घोंगडीला ताठपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ देतात, तशी तिनं मलाही दिली. किती मायेनं चोळली! एकेका चुणीत बोट फिरवलं. खळ वाळली आणि माझं एकूण एक छिद्र बुजलं. ओरडावंसं वाटलं, पण फिल्टरला तोंड कुठलं?

पहाटे धुळानं मला घाईत बसवलं. मंगळवेढ्याच्या पुढं गाडी काळा धूर ओकत बंद पडली. सोनम दुधाच्या टेम्पोत बसून पुढं गेली. पोचली तेव्हा फाटक बंद झालं होतं.

दुपारी गाडी ओढून मागं मंगळवेढ्यात आणल्यावर शिवू मेकॅनिकनं मला बाहेर काढून नखानं खरवडलं. "ह्यो कसला चिकटा हाय?"

सोनम एसटीनं परत आली होती, रडून डोळे सुजलेले. तिनं मला नाकाशी धरलं. तो वास ती लहानपणापासून ओळखत होती.

"खळ हाय," ती हळूच म्हणाली. "आप्पा, आज्जीला सांगू नगा. फिल्टरच खराब निगाला म्हना."

धुळानं "बरं" म्हणून मला पिशवीत टाकलं. शिवूनं साधा कागदी फिल्टर बसवला आणि गाडी मुकाट चालू लागली. "धूळ झटकायची, सर्व्हिसिंगला बदलायचा. रोजच्या गाडीला ह्यो बास हाय की," तो म्हणाला. त्याचं बरोबरच होतं.

घरी केराबाईनं मला हातात घेतलं. "मुडद्या, एवडी सेवा केली तुजी, आन माज्या पोरीचा घात केलास!"

आता मी मेंढवाड्याच्या कुडाला अडकून पडलोय. मित्रांनो, वस्तू घेताना आपला रस्ता बघा. तिचं करणं आपल्याच्यानं निभेल का, तेही बघा. मला आता कुणी धुवू नये, एवढंच वाटतं. केराबाई जाता-येता शिव्या घालते. घालू दे. सोनम पुन्हा माळावर धावायला लागली आहे, आणि म्हातारीला झोप लागते.