किलोमीटर सात

नखात शेंदराचा पापुद्रा अडकला होता, तुरीच्या डाळीएवढा, आणि तो काढून टाकायचं सोडून योगराज गुरुजी नुसते त्याच्याकडे बघत राहिले. रुळांकडेच्या शेंदरी दगडापाशी, त्यांच्या समोर गजेंद्र कागद धरून उभा. त्यांचाच जुना विद्यार्थी, आता वस्तीच्या मंदिर समितीचा प्रमुख.

"गुरुजी, सही करी द्या ना. वस्तीमा तुमनाइतलं जुनं कोन्ही नई."

कागदावर लिहिलं होतं की हा देव स्वयंभू, पाचशे वर्षांचा, आणि इथे आगगाडी कधी नव्हतीच; रूळ होते ते गिरण्यांच्या मालडब्यांचे. उद्या रस्त्यासाठी रूळ उचलणार. दगड देवाचा ठरला तर राहील, रेल्वेचा ठरला तर रुळांबरोबर जाईल.

इथे आगगाडी नव्हती... मग सकाळी सहाची शटल कुठून यायची? गिरण्यांचे भोंगे व्हायच्या आत बमरोलीला माणसं ओतणारी, संध्याकाळी रंगाच्या वासाने भरून परतणारी, आणि रस्त्यावर रिक्षा वाढल्यावर एक दिवस, कुणालाही न सांगता, न आलेली? गुरुजी या गावात उतरले ते तिच्यातूनच. मागे सुभद्रा, लग्नाला तेरा दिवस झालेली, डोक्यावर पत्र्याची ट्रंक. फलाटाच्या टोकाला हा दगड. "हाऊ कोन्ता देव शे वो?" तिने विचारलं. दगडात कोरलेला किलोमीटरचा सात त्यांना स्वच्छ दिसत होता. तिला अक्षरओळख नव्हती. पण परक्या मुलखात तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की... "गावदेव," ते म्हणाले. तिने ट्रंक उतरवली, करंड्यातलं कुंकू काढून दगडाला लावलं. मग शेजारणींनी पाहिलं, शेंदूर आला, नारळ आला. पुढे त्यांनी तिला वाचायला शिकवलं, वस्तीतल्या दोन पिढ्यांना शिकवलं — आणि हा एक आकडा तेवढा झाकून ठेवला. ती गेली, तरी झाकूनच.

"लोके म्हनतीन, गुरुजीनी देव उठाडा," गजेंद्र हलकेच म्हणाला. "आन सुभद्रामायनी पूजा काय खोटी व्हती?"

खोटी? मुळीच नाही. पण या कागदात गाडीच नाही. मग ती उतरली कशातून? ट्रंक कुठे ठेवली तिने? पाचशे वर्षांच्या कुठल्याशा देवापायी तिचं पहिलं पाऊल पुसायचं, आणि खाली सही माझी?

"गजेंद्र, वर्गात मी काय सांगायचो?"

"आधी हात लाईसन पाहा, मंग उत्तर द्या."

"मग लाव हात."

गजेंद्रने कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली. हात काही पुढे केला नाही.

गुरुजींनी कागद बाजूला सारला आणि खाली बसून दगडात नख पुन्हा रोवलं. पापुद्र्याखाली पापुद्रा, वर्षामागे वर्ष, आणि तळाशी थंडगार खाच, बोटाला ओळखीची. उद्या दगड राहील की जाईल, ते त्यांच्या हातात नव्हतं. आज मात्र तिला सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला नाही — हाऊ सातना आकडा शे, सुभद्रा. वाच.