केशरबाईंची विंचवाची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझे तोंड रुंद आहे, झाकण पत्र्याचे आहे आणि त्याला कैरीच्या लोणच्याचा वास अजून थोडासा उरला आहे. तरीही मला कुणी हौसेने हातात घेत नाही. मला पाहिले की लोक पाय वर घेतात.

मी भट्टीतल्या लालबुंद काचेतून जन्मले. युसूफ वडगावच्या बाजारात केशरबाईंनी मला उन्हाकडे धरून पाहिले, बोटाने वाजवले आणि घरी आणले. केशरबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्यांच्या लोणच्याचे गावात नाव होते. "बरणी बगा, कशी आरशावानी ठिवलीया!" असे बायका म्हणत, तेव्हा मला फार अभिमान वाटे.

मग पावसाने लागोपाठ दोन वर्षे पाठ फिरवली. आंब्याची झाडे उभ्याने वाळली. मी रिकामी झाले आणि फळीवर मागे मागे सरकत गेले.

त्याच उन्हाळ्यात गावच्या दूध सोसायटीने आपली जुनी खोली पाडली. तिचे दगड, कौले आणि कुजका कडबा केशरबाईंच्या मागच्या भिंतीला लावून रचला. जागा सोसायटीची होती, पण भिंत केशरबाईंची होती. आठवड्याभरात घरात विंचू निघू लागले. बाहेर रान भाजत होते, म्हणून ते रांजणाखालच्या ओलीला येऊन बसत. केशरबाई त्यांना चिमट्याने उचलून माझ्यात टाकत. माझ्या गुळगुळीत काचेवर त्यांना चढता येत नसे. ते घसरत, नांग्या उगारत, एकमेकांवर धावून जात. लोणचे सांभाळणारी मी, आता विष सांभाळू लागले.

केशरबाई सोसायटीचे चेअरमन आबासाहेब यांच्याकडे मला घेऊन गेल्या. "तेवढा ढीग हलवा," त्या म्हणाल्या.

"इच्चू काय सोसायटीचे सभासद हायेत का, नोटीस काढून हाकलायला?" आबासाहेब म्हणाले. जमलेले लोक हसले. "आन् हे तर बारके हायेत. जीव घेती ती मोठी काळी इंगळी. जावा घरी."

चार दिवसांनी केशरबाईंची सून सिंधुबाई वाकळीची घडी घालत होती. ती एकदम किंचाळली आणि बोट धरून खाली बसली. वाकळीतून निसटलेला विंचू केशरबाईंनी चिमट्यात धरला व माझ्यात टाकला. तोवर सिंधुबाईला दरदरून घाम फुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली. किंकाळी ऐकून सोसायटीचा कामगार बंकट दारात येऊन उभा राहिला होता.

"बारका तर हाय. कांदा चोळा, उतरंल," तो म्हणाला.

केशरबाईंनी त्याला दारातून बाजूला ढकलले. रस्त्यावरची जीप थांबवून सुनेला आत घातले आणि मला मांडीवर घेतले.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी सिंधुबाईची नाडी पाहिली, औषध दिले. मग मला उजेडाकडे धरले. "हा तांबडा विंचू. अंगाने लहान, पुढचे चिमटे बारीक, शेपटी मात्र जाड. याचे विष हृदयावर जाते. मोठ्या काळ्याचे चिमटे जाडजूड असतात. त्याने आग फार होते, पण जिवाला धोका क्वचितच. लोकांना नेमके उलटे वाटते." मग ते रागावलेही. "पण बाई, विंचू पकडण्यात वेळ घालवू नका. कोणताही चावो, माणूस आधी आणा!"

सिंधुबाई तिसऱ्या दिवशी घरी आली. त्याच आठवड्यात सोसायटीची सभा होती. केशरबाईंच्या एका गायीचे दूध सोसायटीत जाई, म्हणून त्याही सभासद होत्या. त्यांनी मला सरळ आबासाहेबांच्या पुढ्यात ठेवले. माझ्यात नऊ विंचू होते, सगळे तांबडे.

"कावून आणलं हे हितं?" आबासाहेब ओरडले.

"बारके हायेत म्हणलाव ना? मग घाला की आत हात."

या वेळी कुणी हसले नाही. आबासाहेबांनी मला इतक्या जोराने सारले, की मी लोखंडी खुर्चीवर आदळले आणि माझ्या काठाचा टवका उडाला. "आमच्या जागेत आमी कायबी टाकू! तुमा बायकांना लई वाचा फुटलीया."

केशरबाईंनी मला उचलून कडेवर घेतले. "माझी सून मरत होती. ढीग हलंपर्यंत माझं दूध हितं यायचं न्हाई."

मागून रतनबाई उठल्या. त्यांच्या सहा म्हशी होत्या. "माझंबी न्हाई. माझ्याबी छपरात निघालेत." मग आणखी दोघी उठल्या. दुष्काळात सोसायटीचे कॅन आधीच अर्धेच भरून जात होते. चौथ्या दिवशी ढीग हलला.

वैर मात्र हलले नाही. केशरबाई दिसल्या की आबासाहेब तोंड फिरवीत. केशरबाईही वाट सोडत नसत.

पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, आबासाहेब स्वतः दारात आले. त्यांच्या हातात तंबाखूची डबी होती आणि तिच्यात विंचू होता. त्यांच्या पत्नीला, सावित्रीबाईंना, पायाला विंचू चावला होता. "तेवढं बगा... कोणता हाय?"

केशरबाईंनी डबी माझ्यात पालथी केली. "तांबडा हाय. पण हे इचारायला कावून आलाव? एवढ्यात बाई दवाखान्यात पोचली असती! तुमची जीप काढा!" आणि त्या स्वतः सावित्रीबाईंचे गार पडलेले हात चोळत जीपमधून दवाखान्यापर्यंत गेल्या.

सावित्रीबाई वाचल्या. आबासाहेबांनी आभार मानले नाहीत. केशरबाईंनीही आभारांची वाट पाहिली नाही.

आता मी अंगणवाडीच्या खिडकीत असते. माझ्यात स्पिरिटमध्ये दोन मेलेले विंचू ठेवले आहेत, एक तांबडा आणि एक काळा. केशरबाई मुलांना त्यांचे चिमटे आणि शेपट्या दाखवतात. मित्रांनो, मला नीट पाहा, ओळख पक्की करून घ्या. पायताण आपटून घाला, वाकळ झटकून घ्या, कुणाच्या भिंतीला आपला ढीग लावू नका. पण कुणाला विंचू चावलाच, तर मला पाहायला येऊ नका. मी खिडकीतच आहे, कुठे जात नाही. तुम्ही आधी दवाखान्याकडे धावा.